पुढचे पाठ, मागचे सपाट

‘पुढचे पाठ, मागचे सपाट’ ही म्हण मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेली असते, आणि बहुतेक वेळा ती बोलणी खातानाच ऐकलेली असते. मी ती लहानपणी ऐकली आणि पुढे ३४ वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवताना इतरांना ऐकवलीही. या म्हणीत तक्रार आहे, पण कारण नाही. मागचे सपाट का होते? आणि ते होऊ नये म्हणून काय करावे? निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा या प्रश्नाचा माग काढत गेलो. इंग्रजी लेख वाचताना शेजारी शब्दकोश उघडा ठेवावा लागला, पण गोडी लागली. इतिहास हा माझा विषय. त्यामुळे सिद्धांतांपेक्षा हे कुणी, कधी आणि कसे शोधून काढले यातच मला अधिक रस वाटला.

आणि ती हकीकत मोठी चमत्कारिक निघाली. कारण हा शोध एकदाच लागलेला नाही. तो लागला, बाजूला पडला, पुन्हा लागला, पुन्हा बाजूला पडला. विस्मरणावरचा उपाय सांगणारी विद्याच वारंवार विस्मरणात गेली! तीच हकीकत आज सांगतो.

सुरुवात हर्मान एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकापासून करावी लागते. त्याच्या आधी तत्त्वज्ञांनी स्मरणशक्तीवर पुष्कळ लिहिले होते, पण ती मोजून पाहण्याच्या खटाटोपात फारसे कुणी पडले नव्हते. एबिंगहाऊसने ती मोजायचे ठरवले. प्रयोगासाठी माणूस एकच, तो स्वतः. ओळखीच्या शब्दांना अर्थ असतो आणि अर्थाच्या आधाराने पाठांतर सोपे जाते. तो आधार नको म्हणून त्याने व्यंजन, स्वर, व्यंजन असे निरर्थक अक्षरगट तयार केले. असे सुमारे २३०० गट होते. त्यांच्या याद्या ठरावीक तालावर वाचून तो पाठ करायचा आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. १८७९-८० मध्ये आणि पुन्हा १८८३-८४ मध्ये हा उद्योग त्याने केला आणि १८८५ मध्ये स्मृतीविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले.

त्याचे आकडे पाहण्यासारखे आहेत. वीस मिनिटांनी तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्या मेहनतीपैकी ५८ टक्के मेहनत वाचली. एका तासाने ४४ टक्के. एका दिवसाने ३४ टक्के. महिन्याने २१ टक्के. म्हणजे पहिल्या तासात कडा कोसळावा तशी उतरण, आणि मग पुढे लांबच लांब पठार. आपली म्हण ज्याने रचली त्याने हा आलेख पाहिलेला नव्हता, पण ‘सपाट’ हा शब्द त्याने किती नेमका वापरला आहे बघा! मात्र एक लक्षात ठेवायला हवे. हे आकडे एका माणसाचे आणि निरर्थक अक्षरांचे आहेत. ‘वर्गात शिकवलेले दोन तृतीयांश दुसऱ्या दिवशी उडून जाते’ असे जे कुणी एबिंगहाऊसच्या नावावर खपवतात, ते बरोबर नाही. अर्थ लागलेली गोष्ट इतक्या वेगाने जात नाही. पण उतरण मात्र तिलाही असते.

रोग असा मोजला गेला. औषधाचे काय?

गंमत म्हणजे औषध आधीपासून ठाऊक होते. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की एखादी गोष्ट पुन्हापुन्हा आठवत राहिल्याने स्मृती बळकट होते. फ्रान्सिस बेकनने १६२० च्या ‘नोव्हम ऑर्गनम’ या ग्रंथात तर चक्क हिशेब मांडला आहे. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की एखादा उतारा वीस वेळा वाचण्यापेक्षा दहा वेळा वाचावा, मधूनमधून न बघता म्हणून पाहावा, आणि अडले तेवढ्यापुरते पुस्तकात डोकवावे. पाठ लवकर होते. अमेरिकेच्या विल्यम जेम्सनेही १८९० मध्ये आपल्या मानसशास्त्रावरच्या मोठ्या ग्रंथात हेच सांगितले. अडल्यावर लगेच पुस्तक उघडू नये, थोडा जोर लावून आतून आठवावे.

आपल्याकडे तर हा रिवाजच होता. वेदपाठशाळेत गुरुजी संथा देतात, शिष्य ती म्हणतो, आणि मग पद, क्रम, जटा, घन अशा चढत्या अवघडपणाने तोच मंत्र उलटसुलट म्हणावा लागतो. समोर पोथी नसताना शब्दांचा क्रम असा पुढे-मागे फिरवायचा म्हणजे केवळ जिभेच्या सवयीवर भागत नाही. आणि घराघरांत संध्याकाळचा परवचा होता. माझ्या पिढीतल्या लोकांना आठवत असेल, पाढे ओळीने म्हणून झाले की मोठी माणसे मध्येच विचारायची, ‘सात आठे?’ ओळीने म्हणताना तालावर जीभ आपोआप पुढे सरकते. मध्येच विचारले की मात्र डोक्याला हात घालावा लागतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि पुढची सगळी हकीकत या एका अंतराची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे अंतर प्रयोगाने दाखवायचा प्रयत्न सुरू झाला. १९०९ मध्ये एडविना ॲबट या अमेरिकन बाईंनी पाठांतरात आठवण्याचा वाटा किती, यावर प्रबंध लिहिला. त्यानंतर आठच वर्षांनी, १९१७ मध्ये, आर्थर गेट्स या अभ्यासकाने हाच प्रश्न शाळेतल्या मुलांपुढे नेला. त्याची पद्धत साधी होती. मुलांच्या हातात कागद द्यायचा. ठरलेल्या वेळेपैकी काही वेळ नुसते वाचायचे, आणि खूण केली की मान वर करून मनाशी म्हणायला लागायचे. अडले तरच कागदाकडे नजर टाकायची. एका गटाने सगळा वेळ वाचनात घालवला, दुसऱ्याने पाचवा हिस्सा म्हणण्यात घालवला, असे करत करत शेवटच्या गटाने पाचातले चार हिस्से म्हणण्यात घालवले. एकूण वेळ सर्वांना सारखाच.

निरर्थक शब्दांच्या यादीत, सगळा वेळ वाचणाऱ्यांना लगेच विचारल्यावर ३५ टक्के आठवले आणि चार तासांनी १५ टक्के. पाचातले चार हिस्से म्हणून पाहणाऱ्यांना लगेच ७४ टक्के आणि चार तासांनी ४८ टक्के. चार तासांनंतरचा फरक तिपटीहून अधिक! छोट्या चरित्रांच्या उताऱ्यांत फरक इतका मोठा नव्हता. तिथे चार तासांनंतर १६ टक्के विरुद्ध २६ टक्के असा होता. पण दिशा तीच. एकूण वेळेत एक मिनिटही वाढवलेले नाही, फक्त तो वेगळ्या रीतीने खर्चला आहे, हे इथे महत्त्वाचे.

पण माझ्यातल्या शिक्षकाला सर्वांत आवडला तो १९३९ चा प्रयोग. हर्बर्ट स्पिट्झर या अभ्यासकाने अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तो केला. आयोवा म्हणजे मक्याचा आणि डुकरांचा शेतीप्रधान मुलूख. तिथल्या ९१ प्राथमिक शाळांतली सहावीची ३६०५ मुले त्याने घेतली. आजही इतक्या मुलांचा प्रयोग करायचा म्हटले तर कुणाला घाम फुटेल! मुलांना वाचायला काय दिले होते ठाऊक आहे? एक लेख बांबूवर आणि एक भुईमुगावर. आपल्याकडच्या सहावीच्या मुलाला यातले निम्मे शिवारातच कळले असते.

मुलांचे गट पाडले. वाचन सर्वांनी एकाच वेळी केले. नंतर एका गटाची चाचणी त्याच दिवशी, एकाची दुसऱ्या दिवशी, एकाची आठवड्याने, एकाची दोन आठवड्यांनी, असे करत शेवटची चाचणी थेट ६३ व्या दिवशी. काही गटांच्या दोनतीन चाचण्या झाल्या, काहींची एकच. बरोबर उत्तरे मधल्या काळात मुलांना सांगितली नाहीत. निष्कर्ष स्वच्छ होता. ज्यांना वाचल्यावर लवकर प्रश्न विचारले गेले त्यांची गळती तिथेच बरीचशी थांबली, आणि दोन महिन्यांनंतरही त्यांच्याजवळ बरेच शिल्लक होते. ज्यांना बरेच दिवस कुणी काही विचारलेच नाही, त्यांचे बहुतेक तोवर वाहून गेले होते. तीन आठवड्यांनी पहिली चाचणी घेऊन फारसा उपयोग झाला नाही, कारण वाचवण्यासारखे थोडेच उरले होते. बांध फुटल्यावर माती टाकून काय होणार? स्पिट्झरने शिक्षकांना स्पष्टच सांगितले की चाचणी हे मोजमापाचे साधन आहे तसेच ते शिकण्याचेही साधन आहे, आणि शिकवल्यावर ती लवकर घ्यावी.

आता कुणालाही वाटेल की एवढा मोठा प्रयोग, एवढा सोपा उपाय, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत जगातल्या सगळ्या शाळा बदलल्या असतील. तसे झाले नाही. पुढची कित्येक वर्षे हे काम जवळजवळ कुणी उघडून पाहिले नाही. १९६७ मध्ये टोरंटोच्या एंडेल टल्विंग यांनी दाखवले की यादी पुन्हा दाखवण्याऐवजी फक्त आठवायला लावले तरी शिकणे तितकेच होते. १९७८ मध्ये लँडाउअर आणि बियॉर्क यांनी दोन आठवणींमधले अंतर हळूहळू वाढवत नेण्यावर लिहिले. अभ्यासकांच्या वर्तुळात चर्चा झाली. शाळेच्या फाटकातून मात्र ती आत आली नाही.

असे का व्हावे? माझे मत सांगतो. गेट्सचा प्रबंध १९१७ चा. त्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सैन्यभरतीसाठी तिथे बुद्धिमापनाच्या चाचण्या सुरू झाल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारे १७ लाख माणसांची चाचणी झाली. त्याआधी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये बिने आणि सिमों यांची चाचणी आली होतीच. ‘चाचणी’ या शब्दाला त्या काळात जो अर्थ चिकटला तो मोजण्याचा, निवडण्याचा आणि बाजूला काढण्याचा. तराजू म्हणून चाचणी जगभर गेली. तराजूत घातल्याने धान्य वाढते, असे कुणी म्हटले तर लोक हसणारच. स्मृतीच्या बाबतीत मात्र तसे खरोखर होते. मोजताना माल वाढतो. ही गोष्ट इतकी विपरीत वाटते की ती पटायला एक शतक लागले.

ते पटवले अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी. २००६ मधला त्यांचा प्रयोग आता पाठ्यपुस्तकांत गेला आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर आणि एक समुद्रातल्या पाणमांजरांवर. पहिल्या गटाने उतारा चार सत्रांत वाचला. तिसऱ्या गटाने एकच सत्र वाचले आणि उरलेल्या तीन सत्रांत कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिले. पहिल्या गटाचे सरासरी चौदा वेळा वाचून झाले, तिसऱ्याचे जेमतेम साडेतीन वेळा. पाच मिनिटांनी विचारल्यावर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले. चौदा वेळा वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१ टक्के.

या आकड्यांत परीक्षेच्या आदल्या रात्रीचे सगळे रहस्य आहे. रात्रभर वाचून सकाळी पेपर लिहिणाऱ्याला वाचनाचा फायदा दिसतो, कारण तो पाच मिनिटांच्या बाजूला उभा असतो. आठवड्याच्या बाजूला गेल्यावर काय होते ते पाहायला तो थांबतच नाही. मार्क मिळालेले असतात. याच प्रयोगात विद्यार्थ्यांना विचारले होते की आठवड्याने तुम्हाला किती आठवेल असे वाटते. सर्वांत जास्त भरवसा चार सत्रे वाचणाऱ्यांना होता, आणि सर्वांत कमी आठवले त्यांनाच.

२००८ मध्ये याच दोघांनी स्वाहिली भाषेतले ४० शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ घेऊन प्रयोग केला. त्यातला एक शब्द ‘मशुआ’, म्हणजे होडी. तो वाचताना मला आपल्या कोकणातला मचवा आठवला, त्यामुळे तो शब्द माझ्यापुरता पाठच झाला! प्रयोगात काही विद्यार्थ्यांना, एखादा शब्द एकदा बरोबर आला की त्यावर पुन्हा प्रश्न विचारला जात नसे. इतरांना बरोबर आलेला शब्दही पुन्हापुन्हा विचारला जाई. आठवड्याने पहिल्यांना एक तृतीयांशाच्या आसपास शब्द आठवले, दुसऱ्यांना सुमारे ८० टक्के. ‘एकदा आले, आता कशाला विचारता’ असे मुले म्हणतात ना, त्याला हे उत्तर आहे. एकदा येणे ही सुरुवात असते.

असे का होते, याचे स्पष्टीकरण बियॉर्क पती-पत्नींनी १९९२ मध्ये मांडले. साठवणीची ताकद वेगळी आणि बाहेर काढण्याची ताकद वेगळी, असे ते म्हणतात. मला ते आपल्या भाषेत फार लवकर समजले. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ असे आपण म्हणतो. पण आडात भरपूर असूनही पोहऱ्यात येत नाही, हे त्याहून जास्त वेळा घडते. वाचन आडात पाणी भरते. पोहरा सोडायचा, तो बुडवायचा, न सांडता वर ओढायचा, याचा सराव वाचनाने होत नाही. तो ओढूनच होतो. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच ‘आले’ समजतो. रस्त्यात एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटणे आणि त्याचे नाव आठवणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे माझ्या वयाच्या माणसाला कुणी सांगायला नको.

इथे एक आक्षेप येतो. ही सगळी घोकंपट्टीचीच वकिली नाही का? घोकणे म्हणजे तेच ते एका सुरात म्हणत राहणे, डोळ्यांपुढे पुस्तक किंवा जिभेवर ताल. आठवणे म्हणजे पुस्तक मिटून शोध घेणे. २०११ मध्ये कार्पिकी आणि जेनेल ब्लंट यांनी विज्ञानाच्या उताऱ्यांवर एक तुलना केली. काही विद्यार्थ्यांनी पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढले, काहींनी पुस्तक मिटून आठवले. आठवड्याने केवळ माहितीच्याच नव्हे, तर विचार करून उत्तर द्यायच्या प्रश्नांतही आठवणारे पुढे होते. मला यात नवल वाटले नाही. पानिपतानंतर पेशवेपद कुणाकडे आले, हे ज्याला आठवत नाही तो थोरल्या माधवरावांच्या अकरा वर्षांचा विचार कशावर करणार? विचारालाही कच्चा माल लागतो.

वर्गातला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या कोलंबिया या गावी एका शाळेत सहावीच्या समाजशास्त्राच्या तासाला हा उपाय करून पाहिला. विषय होते प्राचीन इजिप्त, मेसोपोटेमिया, भारत आणि चीन. म्हणजे आपल्याच घरचे काम! छोट्या प्रश्नावल्या घेतल्या, त्याही धड्याच्या काही भागांवरच. कोणता भाग विचारला ते बाईंना कळू नये म्हणून त्या वेळी बाई वर्गाबाहेर थांबत. पुढे परीक्षेत, विचारलेल्या भागात मुलांना न विचारलेल्या भागापेक्षा एक पूर्ण श्रेणी जास्त मिळाली. अशा वर्गांतल्या १४०८ मुलांना नंतर भीतीविषयी विचारले. त्यांतल्या ७२ टक्के मुलांनी सांगितले की या सवयीमुळे मोठ्या परीक्षेची धास्ती कमी झाली. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आपल्याकडे येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आकारिक आणि संकलित हे शब्द शिक्षकांच्या खोलीत ऐकू येऊ लागले. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. या सगळ्या काळात मी तरुण सहकाऱ्यांचे वाद ऐकत आलो आहे. एक बाजू म्हणते, परीक्षा नसली तर मुले पुस्तक उघडणारच नाहीत. दुसरी बाजू म्हणते, परीक्षेने मुलांचे बालपण खाल्ले. दोन्ही बाजूंना आपापला अनुभव आहे. पण दोघांच्याही डोळ्यांपुढे परीक्षा एकच, गुण देणारी, पास-नापास ठरवणारी. स्पिट्झरची परीक्षा कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्याने भुईमुगावर प्रश्न विचारले तेव्हा कुणी नापास होणार नव्हते. विचारण्यातच फायदा होता. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, छोट्या चाचण्या यांना जागा होती आणि आहे. पण त्यांच्याही नोंदी करायच्या, तक्ते भरायचे, म्हणजे पुन्हा तराजूच. नोंद झाली की हेतू बदलतो.

माझ्या तासाला एक प्रघात होता. पहिली पाच मिनिटे पुस्तके दप्तरात. मागच्या तासाला काय झाले ते मुलांनी सांगायचे. मी कुणाला रागवायचो नाही आणि गुणही द्यायचो नाही. एकाने अर्धे सांगितले की दुसरा पुरे करायचा. ही रीत मी कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नव्हतो. आमच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी असेच करायचे, त्यांचे पाहून मी उचलली. वर्षाच्या शेवटी एक गोष्ट नेहमी दिसे. हुशार मुलांना या पाच मिनिटांचे फारसे अप्रूप नसे. ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कुणी नव्हते, त्यांना मात्र ती पुरत. शिकवणी, मार्गदर्शके, महागडे वर्ग हे सगळे पैशावर चालते. पुस्तक मिटायला पैसे लागत नाहीत. या सगळ्या संशोधनातला मला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. पर्याय देऊन विचारलेल्या प्रश्नात चुकीचा पर्याय निवडला आणि तो कुणी दुरुस्त केला नाही, तर चूकच लक्षात राहू शकते. म्हणून नंतर बरोबर उत्तर सांगणे आवश्यक. जे मुळात समजलेच नाही ते आठवायला सांगण्यात अर्थ नाही. आधी शिकवणे, मग विचारणे. फार गुंतागुंतीच्या विषयांत हा फायदा किती टिकतो, यावर २०१५ पासून अभ्यासकांत वाद झडले आहेत. आणि एका दिवसात दहा वेळा आठवण्यापेक्षा तेच दिवसांच्या अंतराने आठवणे चांगले. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःला प्रश्न विचारणे आणि अंतर ठेवून अभ्यास करणे या दोनच पद्धती पहिल्या प्रतीच्या ठरल्या. पुन्हापुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा मारणे तळाशी गेले. आपल्याकडची मार्गदर्शके रंगीत पेनांनी कशी नटलेली असतात ते आठवून मला हसू आले.

घरच्या घरी करायचे तर फार सोपे आहे. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याची युक्ती सांगितली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, म्हणजे ते उशिरा परत येणार. नाही आले की पहिल्या कप्प्यात, म्हणजे लवकर परत येणार. हीच कल्पना २००६ मध्ये ‘अँकी’ या संगणकीय कार्यक्रमात आली आणि आज वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर असते. पण खोकेही लागत नाही. जेवताना मुलाला ‘आज काय शिकवलं?’ असे विचारा आणि ‘काही नाही’ या उत्तरावर थांबू नका. एवढे पुरे आहे. वयस्कांनीही करून पाहावे. २०१३ मध्ये ५५ ते ६५ वयाच्या लोकांवर झालेल्या प्रयोगात त्यांनाही हा फायदा झालेला दिसला. याने म्हातारपण टळते असे मी म्हणत नाही. वाचलेले थोडे अधिक दिवस जवळ राहते, इतकेच.

शिक्षकाची खोड जात नाही, म्हणून शेवटी गृहपाठ. हा लेख आवडला असेल तर तो पुन्हा वाचू नका. उद्या सकाळी चहा घेताना आठवून पाहा. आयोवातल्या मुलांनी कोणत्या दोन वनस्पतींवर वाचले होते? चौदा वेळा वाचणाऱ्यांचे आठवड्याने काय झाले? आणि एबिंगहाऊसने प्रयोग कुणावर केले? एखादे उत्तर अडले तर लगेच इकडे येऊ नका. जरा ताण द्या, पोहरा आणखी थोडा खाली सोडा. मग खुशाल पडताळा. यात गुण नाहीत आणि नापास कुणी नाही.